ओळखीच्या आणि खऱ्याच पत्त्यावरून ‘तातडीने पैसे पाठवा’ असे पत्र आले, तर ते खोटे आहे हे कसे ओळखावे?

शरयू_आनंदवल्ली (धागाकर्ती)

ई-मेलवरील फसवणूक टाळण्यासाठी आपल्याला आजवर एकच नियम सांगितला गेला आहे, तो म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता नीट पाहावा. पत्ता अनोळखी असेल किंवा त्यात एखादे अक्षर इकडचे तिकडे झाले असेल, तर पत्र खोटे समजावे. परंतु पत्ता पूर्णपणे खरा असेल, वर्षानुवर्षे ज्या पत्त्यावरून आपल्याला पत्रे येत आली तोच असेल, तर काय पाहायचे, हा माझा प्रश्न आहे.

हा प्रश्न पडण्याचे कारण सांगते. नाशिकमधील आमच्या वाचक मंडळातील एका ज्येष्ठ निवृत्त प्राध्यापकांच्या जीमेल खात्यावरून मंडळातील बहुतेक सदस्यांना एकाच दुपारी पुढील पत्र आले:

“नमस्कार, आपण कसे आहात? मी सध्या एका मोठ्या अडचणीत आहे आणि हे फक्त तुम्हालाच सांगत आहे. कौटुंबिक कामासाठी डेहराडूनला आलो असताना माझी बॅग, पाकीट आणि फोन चोरीला गेला. बिल भरल्याशिवाय हॉटेल मला सोडत नाही. कृपया ३८,००० रुपयांची व्यवस्था करा, परत येताच देईन. फोन नसल्यामुळे फक्त ई-मेलवर संपर्क साधा.”

एका सदस्याने सावधपणे त्याच पत्राला उत्तर देऊन विचारले, “सर, हे पत्र खरोखर तुमचेच आहे का?” थोड्याच वेळात उत्तर आले, “होय, मीच आहे, कृपया उशीर करू नका,” आणि सोबत बँकेचा खाते क्रमांक आला. दुसऱ्या एका ताईंनी तोवर १५,००० रुपये पाठवलेही होते. सर त्या वेळी कॉलेज रोडवरील आपल्या घरी होते आणि त्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते.

पैसे पाठवणाऱ्या ताईंनी पत्ता तपासला होता. तो खराच होता. अशा वेळी सामान्य माणसाने नेमके काय पाहावे, हे जाणकारांनी सांगावे, अशी विनंती आहे.

सातपूरकर

तुमचा प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

खोट्या पत्राचे तीन प्रकार असतात. पहिल्या प्रकारात पत्ता दुसऱ्याचाच असतो आणि फक्त नाव ओळखीचे लावलेले असते. दुसऱ्या प्रकारात पत्ता हुबेहूब दिसणारा पण वेगळा असतो. तिसऱ्या प्रकारात चोर खरोखरच त्या माणसाच्या खात्यात शिरलेला असतो आणि तिथूनच लिहीत असतो. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तपासण्या, ज्यांच्या आधारे जीमेलसारखी सेवा संशयित पत्रे स्पॅममध्ये टाकते, त्यांचे काम पत्र त्या डोमेनच्या (पत्त्यातील @ नंतरच्या भागाच्या) अधिकृत सर्व्हरवरून निघाले की नाही एवढेच पाहण्याचे आहे. तिसऱ्या प्रकारात पत्र अधिकृत सर्व्हरवरूनच निघते, त्यामुळे या सर्व तपासण्यांत ते उत्तीर्ण होते. तुम्ही ‘शो ओरिजिनल’ (पत्राची मूळ तांत्रिक नोंद दाखवणारा जीमेलमधील पर्याय) उघडून पाहिलेत, तरी तिथे तिन्ही ठिकाणी ‘पास’ असेच दिसेल.

म्हणजेच पत्र तपासून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. पत्राच्या बाहेर जावे लागते. ज्या वाटेने मागणी आली, त्या वाटेने खात्री करायची नाही, दुसऱ्याच वाटेने करायची. त्या सदस्याने प्रश्न बरोबर विचारला, परंतु तो चोरालाच विचारला गेला.

चोर खात्यात शिरतो कसा, हेही पाहू. बहुतेक वेळा दोन कारणे असतात. एक म्हणजे तोच पासवर्ड दुसऱ्या एखाद्या संकेतस्थळावर वापरलेला असतो आणि तिथून तो फुटलेला असतो. दुसरे म्हणजे ‘तुमची मेलबॉक्स भरली आहे, येथे लॉग इन करा’ अशा पत्रातील दुव्यावर माणूस आपला पासवर्ड स्वतः लिहून देतो. आपला ई-मेल पत्ता कोणत्या गळतीत सापडला होता, हे ‘हॅव आय बीन पोन्ड’ या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. ट्रॉय हंट या सुरक्षातज्ज्ञांनी ते २०१३ मध्ये सुरू केले.

मखमलाबादची_मीरा

सातपूरकर म्हणतात ते मान्य आहे, परंतु पत्र वाचून काहीच कळत नाही असे मला वाटत नाही. मी स्वतः त्या सरांची विद्यार्थिनी आहे आणि ते पत्र मलाही आले होते. सर ई-मेलचा आरंभही ‘स.न.वि.वि.’ असाच करतात, मला नेहमी ‘चि. मीरा’ असे संबोधतात आणि शेवटी ‘कळावे’ लिहून तारीख घालतात. ‘आपण कसे आहात’ हे वाक्य त्यांच्या लेखणीतून येणारच नाही, कारण ते मला कधी ‘आपण’ म्हणत नाहीत. माझ्या मनात शंका आली ती त्या एका शब्दामुळे. त्यानंतर मी त्यांच्या घरच्या लँडलाइनवर फोन केला आणि सरांनीच तो उचलला.

माझा मुद्दा असा की, शंभर जणांना एकच मजकूर पाठवायचा असल्यामुळे चोराला नाते वगळावे लागते. काका, मावशी, वहिनी, सर, चिरंजीव यांपैकी काहीही तो लिहू शकत नाही. मराठी पत्रातून नाते गळाले की पत्र लगेच परके वाटू लागते.

गोदातीर

मीराताई, तुमचे निरीक्षण सुंदर आहे, पण त्यावर भिस्त ठेवू नये असे मी आग्रहाने सांगेन. खात्यात शिरलेल्या चोराकडे ‘सेंट’ हा संपूर्ण कप्पा असतो. सरांनी तुम्हाला लिहिलेली सर्व पत्रे त्याच्यासमोर असतात. आज एखाद्या भाषा-प्रारूपाला (मजकूर लिहून देणाऱ्या एआय प्रणालीला) त्यांपैकी दहा पत्रे देऊन ‘याच शैलीत पैशांची विनंती लिही’ असे सांगितले, तर ते ‘स.न.वि.वि.’ही लिहील आणि ‘चि. मीरा’ही लिहील. पूर्वी मोडक्या मराठीवरून चोर ओळखू येत असे, तो काळ सरला आहे.

याहून धोक्याचा प्रकार म्हणजे जुन्याच पत्रव्यवहाराला उत्तर म्हणून आलेले पत्र. खाली तुमचीच मागच्या महिन्यातील पत्रे दिसतात, विषयही तोच असतो आणि मध्येच पैशांची गोष्ट निघते. त्यामुळे शंका घ्यावी असे कुणाच्या मनातच येत नाही.

मखमलाबादची_मीरा

गोदातीर, मान्य. भाषा खटकली तर थांबावे, पण भाषा खटकली नाही म्हणून पुढे जाऊ नये, असे मी माझे म्हणणे दुरुस्त करते.

नाशिकरोडवासी

मी इंडिया सिक्युरिटी प्रेसमधून निवृत्त झालो. भारताचे पासपोर्ट आमच्याच नाशिकरोडला छापले जातात, त्यामुळे या पत्रांचा ‘पासपोर्ट हरवला’ हा अवतार पाहिला की मला गप्प बसवत नाही.

ही पत्रे जुनी आहेत. २०१० च्या सुमारास ती इंग्रजीत येत असत. लंडनला किंवा मनिलाला आलो होतो, लुटले गेलो, पासपोर्ट गेला, दूतावास मदत करत नाही, ‘वेस्टर्न युनियन’ या पैसे पोहोचवणाऱ्या सेवेने पैसे पाठवा, असा त्यांचा साचा असे. त्यातील ‘दूतावास मदत करत नाही’ हे वाक्य वाचणाऱ्याच्या मनातील पहिला प्रश्न आधीच बंद करण्यासाठी घातलेले असते. प्रत्यक्षात परदेशात पासपोर्ट हरवला तर स्थानिक पोलिसांत तक्रार द्यायची असते आणि भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात जायचे असते. तिथे नवा पासपोर्ट किंवा मायदेशी परतण्यापुरते ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’ मिळू शकते. अडचणीत सापडलेल्या नागरिकांसाठी २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधीही आहे. दूतावासांचे आपत्कालीन दूरध्वनी क्रमांक त्यांच्या संकेतस्थळांवर दिलेले असतात. ज्याला खरोखर काळजी वाटते, त्याने पैसे पाठवण्यापूर्वी त्या क्रमांकावर फोन करावा. माणूस खरा असेल तर त्याला पैशांपेक्षा मोठी मदत होईल.

देवळाली_कॅम्प

नाशिकरोडवासी यांच्या वेस्टर्न युनियनच्या उल्लेखाला बँकेतून निवृत्त झालेला माणूस म्हणून पुस्ती जोडतो. अशा सेवा आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या एमटीएसएस या योजनेखाली चालतात आणि ती योजना फक्त परदेशातून भारतात येणाऱ्या पैशांसाठी आहे. त्या मार्गाने भारतातून बाहेर पैसे पाठवता येत नाहीत. म्हणून आपल्याकडे येणाऱ्या पत्रांत आता डेहराडून, मनाली, कोची अशी देशातली ठिकाणे दिसतात, किंवा माणूस परदेशात अडकलेला असूनही पैसे मात्र भारतातील खात्यात मागितले जातात. हा विरोधाभास लक्षात ठेवावा. हॉटेल बँकॉकचे आणि खाते आपल्याकडच्या कुठल्या तरी शाखेतले, हे जुळत नाही.

ते खाते कोणाचे असते? बहुधा एखाद्या गरजू माणसाचे, ज्याने थोड्या पैशांसाठी आपले पासबुक, कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हाती दिलेले असते. याला म्यूल खाते म्हणतात. पैसे तिथे फार वेळ थांबत नाहीत, तिथून पुढच्या खात्यांत वाटले जातात.

येथे एक पक्की खूण मिळते. पैसे ज्याच्या नावाने मागितले आहेत, त्याच्या नावावर खाते नसते. यूपीआयने पैसे पाठवताना पिन टाकण्यापूर्वी खातेदाराचे नाव पडद्यावर दिसते, ते वाचावे. एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये पूर्वी ही सोय नव्हती आणि पैसे निव्वळ खाते क्रमांकावर जमा होत असत. १ एप्रिल २०२५ पासून बँकांनी तिथेही लाभार्थ्याचे नाव आधी दाखवण्याची सोय करावी, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. ‘हे हॉटेलच्या व्यवस्थापकाचे खाते आहे’ किंवा ‘माझ्या मित्राचे खाते आहे’ असे स्पष्टीकरण आले, तर तिथेच थांबावे.

तपोवन

सोप्या शब्दांत सांगायचे तर, ‘फोन करू नका, मेलवरच बोला’ हे वाक्य दिसले की आधी फोनच करावा.

दूरस्थ_नाशिककर

सध्या जर्मनीत राहतो, मूळचा गंगापूर रोडचा. मला इथे दुसरी बाजू मांडायची आहे, कारण खरी अडचणही येऊ शकते आणि प्रत्येकाने पाठ फिरवली तर तेही वाईटच.

रोमच्या रेल्वे स्थानकावर माझे पाकीट आणि फोन दोन्ही गेले होते. त्या वेळी मी काय केले ते सांगतो, म्हणजे खऱ्या प्रसंगात माणूस कसा वागतो याचा अंदाज येईल. सर्वात आधी हॉटेलच्या स्वागतकक्षातून घरी थोरल्या भावाला फोन केला, कारण तो एकच क्रमांक तोंडपाठ होता. कार्डे बंद करून घेतली. हॉटेलच्या लोकांनी मला कोंडून ठेवले नाही, उलट पोलीस ठाण्याचा पत्ता लिहून दिला. भावाने हॉटेलचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावरून स्वतः शोधला, तिथे फोन करून मी खरोखर तिथे आहे याची खात्री केली आणि खोलीचे पैसे आपल्या कार्डावरून थेट हॉटेलला भरले. माझ्या हाती किंवा तिसऱ्या कोणाच्या खात्यात एक पैसाही आला नाही.

सांगायचे असे की, माझ्या डोक्यात घर आले, पत्नी आली, भाऊ आला. सोसायटीचे सचिव किंवा वाचक मंडळाचे सभासद आले नाहीत. जुजबी ओळखीच्या माणसाने ‘फक्त तुम्हालाच सांगतो आहे’ असे लिहिले, तर त्याच्या घरच्यांना सोडून त्याने आपल्यालाच का निवडले, हे स्वतःला विचारावे आणि त्याच्या घरी फोन करावा.

गोदातीर

दूरस्थ_नाशिककर यांचा अनुभव फार उपयोगी आहे. हॉटेलचा क्रमांक स्वतः शोधणे, हे त्यातील मर्म आहे. पत्रात दिलेला हॉटेलचा क्रमांक चोराचाच असतो आणि पलीकडे ‘व्यवस्थापक’ बोलायला तयार बसलेला असतो.

फोनच्या बाबतीतही एक काळजी घ्यावी लागेल. आता आवाजाची नक्कल करता येते. म्हणून आपल्याकडे जतन केलेल्या जुन्या क्रमांकावर आपण स्वतः फोन लावावा. आलेल्या फोनवर भागवू नये. बोलतानाही असे काही विचारावे, जे कुठल्याही ई-मेलमध्ये कधी लिहिले गेलेले नाही. ‘तुमच्या नातवाचे नाव काय’ हे विचारून उपयोग नाही, कारण ते पन्नास पत्रांत असते. ‘मागच्या बैठकीत चहा कोणी आणला होता’ हे कुठेही लिहिलेले नसते.

अ‍ॅड_पंचवटी

ज्या ताईंनी १५,००० रुपये पाठवले, त्यांनी १९३० या सायबर फसवणुकीसाठीच्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन केला आहे का? धागाकर्तींनी हे आधी सांगावे, बाकी चर्चा नंतरही होईल. पैसे पुढच्या खात्यात जाण्यापूर्वी तक्रार पोहोचली, तर ते गोठवता येतात. येथे तासांचा हिशेब असतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवता येते आणि नाशिक शहर पोलिसांचे स्वतंत्र सायबर पोलीस ठाणेही आहे. व्यवहाराचा संदर्भ क्रमांक म्हणजे यूटीआर जवळ ठेवावा, कारण सर्वप्रथम तोच विचारला जातो.

शरयू_आनंदवल्ली (धागाकर्ती)

होय, वकीलसाहेब. त्याच संध्याकाळी त्यांच्या मुलाने १९३० वर फोन केला आणि बँकेच्या शाखेतही लेखी अर्ज दिला. काही रक्कम समोरच्या खात्यात होल्ड झाल्याचे बँकेने कळवले आहे, उरलेली पुढे गेलेली होती. ताई मात्र अतिशय खचल्या आहेत आणि मंडळात यायला तयार नाहीत. बँकेने नुकसानभरपाई द्यायला हवी, असे त्यांच्या मुलाचे म्हणणे आहे. तसे होते का?

अ‍ॅड_पंचवटी

वेळेत फोन केला, हे फार चांगले झाले. होल्ड झालेली रक्कम परत मिळवण्यासाठी न्यायालयाचा आदेश लागू शकतो. त्यासाठी तक्रारीची पोच आणि बँकेचे पत्र सांभाळून ठेवावे.

भरपाईबाबत स्पष्टच लिहितो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाची जबाबदारी मर्यादित केली, पण ते अनधिकृत व्यवहारांसाठी होते, म्हणजे ग्राहकाच्या संमतीशिवाय खात्यातून पैसे गेले तर. येथे ताईंनी स्वतः पिन टाकून पैसे पाठवले, त्यामुळे त्या परिपत्रकाचा आधार मिळणे कठीण आहे. म्हणूनच पाठवण्यापूर्वी घेतलेली काळजी महत्त्वाची ठरते.

गुन्ह्याच्या बाजूने पाहिले तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ६६-क म्हणजे दुसऱ्याच्या पासवर्डचा अप्रामाणिक वापर, आणि ६६-ड म्हणजे संगणकाच्या साह्याने तोतयेगिरी करून फसवणूक, ही दोन्ही कलमे लागू होतात. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. मराठी अक्षरांमुळे गोंधळ होऊ नये म्हणून सांगतो, इंग्रजी अधिनियमात ती कलमे ६६-सी आणि ६६-डी अशी आहेत. त्याशिवाय भारतीय न्याय संहितेतील फसवणुकीचे कलम ३१८ आणि तोतयेगिरीचे कलम ३१९ आहे. सरांनीही स्वतंत्र तक्रार द्यावी, कारण त्यांची ओळख चोरीला गेली आहे आणि उद्या त्यांच्या नावाने आणखी काही घडले, तर ही तक्रार त्यांच्या कामी येईल.

मखमलाबादची_मीरा

ताई खचल्या आहेत हे वाचून वाईट वाटले. त्यांना माझ्या वतीने सांगा की, त्यांनी एका अडचणीतल्या वृद्ध गृहस्थांना मदत करायला हात पुढे केला होता. यात लाज वाटण्यासारखे काहीही नाही. चोराने ‘फक्त तुम्हालाच सांगत आहे’ असे लिहिले, ते त्यांनी कोणालाही विचारू नये म्हणूनच. त्यांनी घरात एका शब्दाने विचारले असते, तर पुढचे टळले असते. हा दोष त्यांचा नाही, ज्याने ते वाक्य मुद्दाम घातले त्याचा आहे. त्या मंडळात आल्या नाहीत, तर इतर सदस्य पुढच्या वेळी फसले तरी सांगायला धजणार नाहीत. म्हणून त्यांना घरी जाऊन घेऊन या.

शरयू_आनंदवल्ली (धागाकर्ती)

मीराताई, नक्की जाते.

आता सरांच्या खात्याविषयी. त्यांच्या नातीने काल खाते परत मिळवले आणि पासवर्ड बदलला. तरीही एक विचित्र गोष्ट घडते आहे. आम्ही ‘सर, तुमच्या नावाने खोटी पत्रे येत आहेत’ असे ज्या ज्या पत्रांत लिहिले, त्यांतले एकही पत्र सरांच्या इनबॉक्समध्ये दिसत नाही. हे कसे?

सातपूरकर

हीच या चोरीतील सर्वात कावेबाज पायरी आहे. संगणकावर जीमेल उघडून ‘सेटिंग्ज’मध्ये ‘फिल्टर्स अँड ब्लॉक्ड अ‍ॅड्रेसेस’ हे पान पाहायला सांगा. ‘पैसे’, ‘हॅक’, ‘चोरी’ असे शब्द असलेले प्रत्येक पत्र परस्पर कचरापेटीत जावे, असा नियम चोराने तिथे लावलेला सापडेल. खातेदाराला इशारे मिळू नयेत म्हणून हे केले जाते. पासवर्ड बदलला तरी असा नियम आपोआप पुसला जात नाही.

त्याच सेटिंग्जमध्ये ‘फॉरवर्डिंग’चे पान पाहा, कारण सर्व पत्रांची एक प्रत चोराला जात राहील अशी सोय तिथे करता येते. ‘अकाउंट्स अँड इम्पोर्ट’मध्ये दुसऱ्या कोणाला खाते वापरण्याची मुभा दिली आहे का आणि ‘रिप्लाय-टू’ पत्ता (‘रिप्लाय’ दाबल्यावर उत्तर जिथे जाते तो) कोणता आहे, हेही पाहा. त्यानंतर गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन पुनर्प्राप्तीचा (खाते परत मिळवण्यासाठी नोंदवलेला) फोन आणि ई-मेल आपलाच आहे ना, कोणती उपकरणे लॉग इन आहेत आणि कोणत्या अ‍ॅपना परवानगी दिलेली आहे, हे तपासा. सर्वात शेवटी दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा. संगणकावरील इनबॉक्सच्या तळाशी उजवीकडे बारीक अक्षरांत ‘डिटेल्स’ असा दुवा असतो, तिथे अलीकडे खाते कुठून उघडले गेले तेही दिसते.

ज्यांना खाते अजून परत मिळालेले नाही, त्यांच्यासाठी: चोराने पुनर्प्राप्तीचा फोन क्रमांक बदलला असला, तरी गूगल सात दिवसांपर्यंत जुन्या क्रमांकावर कोड पाठवण्याचा पर्याय देऊ शकते. म्हणून विलंब करू नये आणि नेहमीच्याच संगणकावरून, नेहमीच्याच जागेवरून प्रयत्न करावा.

शरयू_आनंदवल्ली (धागाकर्ती)

सातपूरकर, तुम्ही म्हणालात तसेच निघाले. एक नियम होता आणि त्यात मराठी व इंग्रजी दोन्ही भाषांतले शब्द घातलेले होते. आमची सर्व इशाऱ्याची पत्रे ‘ट्रॅश’मध्ये पडून होती. ‘रिप्लाय-टू’ मध्येही बदल होता. सरांच्या पत्त्यात इंग्रजी ‘एम’ आहे, त्याच्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ ही दोन लहान अक्षरे शेजारी शेजारी लिहून नवा पत्ता तयार केलेला होता. मोबाइलच्या पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. म्हणजे पत्र खऱ्या पत्त्यावरून आले, पण ‘रिप्लाय’ दाबले की उत्तर दुसऱ्याच पत्त्यावर जात होते.

गोदातीर

याचा अर्थ सरांनी खाते परत मिळवल्यानंतरही चोराचा संवाद चालूच राहिला असणार. ज्यांनी ज्यांनी उत्तर दिले होते, त्यांना एकेकाला फोन करून कळवावे लागेल. हे ई-मेलने करू नये.

पिंपळगावकर

आम्ही द्राक्षे निर्यात करतो. आमच्या व्यवसायात याच चोरीचे भावंड आहे. खरेदीदाराच्या किंवा आमच्या मेलमध्ये कोणी तरी शिरतो, आठवडेच्या आठवडे गुपचूप वाचत बसतो आणि कंटेनर बंदरात पोहोचून पैसे देण्याची वेळ आली की ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असे पत्र पाठवतो. त्यात घाई, गुप्तता आणि नवे खाते या तिन्ही गोष्टी असतात. म्हणून आमच्याकडे शिरस्ता असा की, खाते बदलल्याचे पत्र आले तर करारावर छापलेल्या जुन्या क्रमांकावर फोन करून नवा खाते क्रमांक त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेतल्याशिवाय बदल मान्य करायचा नाही. समोरच्यालाही हे आधीच सांगून ठेवलेले असते, त्यामुळे कोणी वाईट वाटून घेत नाही. घरांमध्येही असे आधी ठरवून ठेवले, तर खात्री करणे म्हणजे अविश्वास दाखवणे, हा संकोच राहणार नाही.

तपोवन

पिंपळगावकरांचा शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे. आमच्या घरी आजोबांना ‘तुम्हीच का हो’ असे विचारायला सुनेला संकोच वाटतो.

यावरून आणखी एक आठवले. २०२७ च्या सिंहस्थात बाहेरगावचे लाखो लोक नाशिकला आणि त्र्यंबकेश्वरला येतील. गर्दीत पाकीट हरवणे, फोन हरवणे, माणसांची चुकामूक होणे हे सगळे खरोखर घडेल आणि म्हणूनच ‘मी नाशिकमध्ये अडकलो आहे, पैसे पाठवा’ ही पत्रे लोकांना अतिशय पटतील. आपल्याकडे पाहुणे येणार असतील, तर त्यांच्या घरच्यांना आपला फोन क्रमांक आधीच देऊन ठेवावा. त्यांना असे पत्र आले, तर ते आपल्याला विचारू शकतील.

नाशिकरोडवासी

तपोवन, ही सूचना मी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात मांडतो.

मला एक विचारायचे आहे. चोराला उत्तरे देत राहून, त्याचा वेळ खाऊन, त्याच्याकडून माहिती काढावी असे आमचे एक मित्र म्हणतात. ते योग्य आहे का?

सातपूरकर

माझ्या मते मुळीच करू नये. उत्तर आले की हा पत्ता वापरात आहे आणि हा माणूस बोलतो, एवढे त्याला कळते. पाठवलेला खाते क्रमांक किंवा यूपीआय आयडी मात्र पोलिसांच्या कामाचा असतो, म्हणून तो आधीच आलेला असेल तर जपून ठेवावा. पत्र पुसू नये. नुसता स्क्रीनशॉटही पुरेसा नाही. ‘शो ओरिजिनल’मधून मूळ पत्र उतरवून घ्यावे, कारण पत्राचा मार्ग आणि बदललेला ‘रिप्लाय-टू’ पत्ता त्यातच असतो.

दूरस्थ_नाशिककर

धागाकर्तींच्या मूळ प्रश्नाकडे वळतो, कारण एक शंका उरली आहे. जुन्या क्रमांकावर फोन लावला आणि तो बंदच लागला, घरचेही उचलत नाहीत, तर काय करावे? खऱ्या चोरीतही फोन बंदच लागणार.

देवळाली_कॅम्प

तर थांबावे, आणि थांबताना प्रयत्न चालू ठेवावेत. शेजारी, सोसायटीचा रखवालदार, कार्यालयातले सहकारी, मुलगी, जावई, कोणी तरी सापडतेच. नाशिक अजून एवढे मोठे झालेले नाही की एखाद्या माणसाच्या दारापर्यंत कोणालाच जाता येऊ नये. बँकेतील अनुभवावरून सांगतो, खरे देणे सकाळपर्यंत थांबू शकते. हॉटेल, रुग्णालय किंवा विमान कंपनी यांना थेट पैसे देण्याचा मार्ग नेहमी असतो आणि त्यांचा क्रमांक आपण स्वतः शोधू शकतो. तिऱ्हाइताच्या खात्यात आत्ताच, या अर्ध्या तासातच पैसे जायला हवेत, अशी खरी निकड माझ्या पाहण्यात कधी आली नाही.

शरयू_आनंदवल्ली (धागाकर्ती)

सर्वांची आभारी आहे. ताईंना भेटून आले, त्या रविवारच्या बैठकीला येणार आहेत. सरही येतील आणि त्यांच्या खात्यात काय काय बदललेले सापडले, ते त्यांची नात सर्वांना पडद्यावर दाखवणार आहे.

शेवटची एक विचारणा. मंडळातील ज्यांना पत्र आले पण ज्यांचे पैसे गेले नाहीत, त्यांनी तक्रार करावी का, आणि कुठे?

अ‍ॅड_पंचवटी

जरूर करावी. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर आर्थिक नुकसान झालेले नसतानाही तक्रार नोंदवता येते. संशयास्पद फोन, एसएमएस किंवा व्हॉट्सअ‍ॅप संदेश आला असेल, तर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’वरील ‘चक्षू’ या सुविधेत तो कळवावा. ई-मेलसाठी मात्र पोर्टलच वापरावे. तक्रारीत तो खाते क्रमांक अवश्य लिहावा, कारण तोच क्रमांक दुसऱ्या कोणाच्या तक्रारीतही असू शकतो.

शरयू_आनंदवल्ली (धागाकर्ती)

ठीक आहे. पत्र ज्यांना आले त्या सर्वांची यादी करून आजच प्रत्येकाला फोन करते.